पॅरिसची बॅग
पॅरिसला निघालेल्यांना हल्ली एकच सल्ला मिळतो: काळं घ्या, करडं घ्या, आणि काही झालं तरी पर्यटक दिसू नका. म्हणजे आयफेल टॉवरच्या रांगेत उभं राहायचं, पण कोपऱ्यावर पाव आणायला निघाल्याच्या थाटात. स्पोर्ट्स शूज नकोत, असंही बजावतात. बजावणाऱ्यांनी मोंमार्त्रचा दगडी चढ बहुधा फोटोतच चढलेला असतो. (खुद्द पॅरिसची पोरंटोरं स्नीकर्स घालूनच हिंडतात, ते सोडा.)

कपड्यांचा धाक तिथे जुनाच. १८०० सालच्या हुकमाप्रमाणे बाईला पँट घालायची तर पोलिसांची परवानगी लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सरकारचं मन द्रवलं: हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर चालेल! हा हुकूम आता लागू नाही, असं सरकारनं जाहीर केलं ते २०१३ मध्ये. पुरुषांनी हसू नये. तिथल्या सार्वजनिक जलतरण तलावांत ढगळ चड्डीला आजही मज्जाव आहे. अंगाला चिकटलेलीच हवी, वर टोपी.

आणि बॅगेच्या तळाशी दडवलेला साजूक तुपाचा डबा? युरोपीय संघात बाहेरून दुधातुपाचं काही नेता येत नाही. मेतकूट तेवढं न्या. फक्त त्या काळ्या कोटावर सांडू नका.