मामांच्या पद्धतीने डास पळवण्याचे शास्त्र

आमचे घर पेणच्या खारेपाटात, मामा रोह्याचे. इथले डास खाडीकडून येतात असे आम्ही म्हणतो. ते कुंडलिकेवरून आले असते तर इतके उद्धट नसते, असे मामांचे म्हणणे. ते मुक्कामाला आले की दिवेलागणीला पडवीत पुढील शास्त्र सांगतात. होतकरूंनी टिपून घ्यावे.

धुरी. घमेल्यात नारळाची सोडणे पेटवावीत, वर शेणी मोडून टाकावी आणि निखारा धरला की कडुनिंबाचा पाला. पाला कडक वाळलेला असेल तर भडका होतो, ताजा असेल तर सगळेच विझते; आदल्या दिवशी तोडून सुकत टाकलेला हवा. निरगुडी मिळाली तर सोन्याहून पिवळे. मग दारे लावून घ्यावीत. आधी मामी बाहेर येतात, मग पोरे, मग मांजर आणि सवड मिळाली तर डास. धूर आहे तोवर डास खरोखरच कमी होतात, हे मान्य करावे लागते. घरात दम्याचे माणूस असेल तर मात्र घमेले आत आणू नये. हे मामा सांगत नाहीत, मी सांगते.

लिंबात लवंगा खोचणे. शोभा येते.

गवती चहाचे तेल खोबरेलात मिसळून पायांना लावावे. वास उडाला की गुण गेला, म्हणून तासा-दोन तासांनी पुन्हा लावायचे असते. मामा एकदाच लावतात आणि रात्रभर तेलवाल्याचा उद्धार करतात.

तुळशीपाशी डास येत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा. कुंडीखालच्या ताटलीत अंडी घालायला येतात, ते बहुधा नास्तिक असावेत.

मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात असतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवून दिले. मामा अजून दमट हवेवरच ठाम आहेत.

आता त्यांच्या शास्त्रात नसलेले कलम. हेटवणे धरण आमच्याच तालुक्यात, पाणी जाते नवी मुंबईला आणि आमचा नळ मनात येईल तेव्हा येतो. म्हणून मागील दारी पिंपे. त्यांत वाकून पाहिले तर बारीक अळ्या वळवळत वर येतात, सावली पडली की बुडी मारतात. "अगो, स्वच्छ पाण्यात कसला डास?" इति मामा. डेंग्यूच्या डासाला नेमके स्वच्छच पाणी लागते आणि तो चावतो दिवसा, म्हणजे घमेले रिकामे असताना. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात; म्हणून आठवड्यातून एकदा पिंप उपसावे, आतल्या कडेला चिकटलेली अंडी काथ्याने घासून काढावीत, पिंप वाळवावे. पण चार दिवसांनी आलेले पाणी ओतून द्यायला कोणाचा हात धजेल? मग निदान तोंडाला फडके घट्ट बांधावे. आम्ही मामांचे जुने धोतर फाडून बांधले, त्यावर दोन दिवस अबोला होता. न उपसता येणाऱ्या टाकीत गप्पी मासे सोडावेत. आरोग्य केंद्रात विचारून पाहावे.

मच्छरदाणी. मामांच्या मते ही निव्वळ शरणागती. रात्री जेवण झाले की ते स्वतः तीत शिरतात, चारी कडा गादीखाली नीट खोचतात, बोटाने चाचपून भोके पाहतात आणि आतून हुकूम सोडतात, "अगो, घमेल्यात आणखी पाला टाक!"