'क्लिअरपार्ट ऑल' लिहिणाऱ्या महाशयांस

रा. रा. माजी सिस्टिम अ‍ॅडमिन महाशय यांस,



आपण नाशिक सोडून पुण्याला गेलात, पगार वाढला, हुद्दाही वाढला, असे कानावर आले. अभिनंदन. पत्र लिहिण्यास कारण की, आपण मागे ठेवलेली 'केएस-फायनल-न्यू-२-खरा.सीएफजी' ही फाइल अजून आमच्याकडे कामावर आहे. तिने आपल्यासारखा राजीनामा दिला नाही, रजा टाकली नाही. गेल्या मे महिन्यात तर तिने रात्रपाळीही केली. त्या रात्रपाळीबद्दल आपले जाहीर आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याला सांगण्याची गरज असू नये, पण फाइल पाहता आहे असे वाटते. सर्व्हरवर लिनक्स चढवायचे तर इन्स्टॉलर प्रश्न विचारतो : भाषा कोणती, डिस्क कोणती, पासवर्ड काय, वेळ कुठली. एक यंत्र असेल तर माणूस बसून उत्तरे देतो. वीस असतील तर उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची आणि यंत्राने ती नेटवर्कवरून वाचून घ्यायची. सन कंपनीच्या सोलारिसमध्ये याला जंपस्टार्ट म्हणत, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट. उबुंटू सर्व्हरने २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल आणले. नावे अनेक, तत्त्व एक : फाइलीत जे लिहिले ते यंत्र करणार आणि पुन्हा विचारणार नाही.

आता ती रात्र. वळवाचा पाऊस आला, नाशिकमधल्या सातपूरची वीज गेली. यूपीएसने जमेल तेवढा दम धरला आणि मान टाकली. पहाटे वीज आली, सर्व्हर उठले. बायोसमध्ये आपण नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर ठेवला होता, कारण 'प्रत्येक वेळी एफ१२ कोण दाबत बसणार?' डीएचसीपीने पत्ता दिला, टीएफटीपीवरून मेनू आला. मेनूतला न निवडता निवडला जाणारा पर्याय आपण ठेवला होता : इन्स्टॉल. शेजारी लिहिले होते 'टाइमआउट ५०'. आपल्याला ते पन्नास सेकंद वाटले असणार. हा मेनू दाखवणारे पीएक्सईलिनक्स सेकंदाचे दहा भाग करून मोजते, महाशय. ते पाच सेकंद होते. अर्थात पहाटेच्या त्या वेळी पन्नास सेकंद असते तरी कळ दाबायला तिथे वॉचमनकाकांशिवाय कोणी नव्हते, आणि काकांना सर्व्हर रूमची किल्ली देण्याची आपण कधी गरज मानली नाही.

पुढे आपली फाइल. 'क्लिअरपार्ट ऑल'. दोनच शब्दांची ऑर्डर म्हणा ना : दिसेल ती प्रत्येक डिस्क पुसा. वर 'झिरोएमबीआर', म्हणजे एखाद्या डिस्कचे विभाजन ओळखता आले नाही तरी न विचारता पुढे जा. पहिल्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम होती, ती गेली तर गेली. दुसऱ्या डिस्कवर गुणवत्ता विभागाची मोजमापे होती. सुट्या भागांच्या कारखान्यात ग्राहक तक्रार घेऊन आला की हीच मोजमापे पुढे करायची असतात. 'इग्नोरडिस्क'ची एक ओळ लिहून कोणत्या डिस्कला हात लावायचा ते सांगता आले असते. तीही 'एसडीए' या नावाने नव्हे, कारण कंट्रोलर बदलला किंवा एखादी पेनड्राइव्ह लागलेली राहिली की कालची एसडीए आज एसडीबी होते. डिस्कच्या अनुक्रमांकावरून बनणारे 'बाय-आयडी' नाव देता येते. पण एक ओळ वाचवली आपण. काटकसर नाशिकच्या माणसाने करावी ती अशी!

इन्स्टॉल संपले, यंत्र रिबूट झाले. नेटवर्क बूट पहिला. मेनू. पाच सेकंद. पुन्हा इन्स्टॉल. पहिली पाळी दारात येईपर्यंत आमची यंत्रे हे पुरश्चरण करत होती. पुसलेली डिस्क पुन्हा पुसण्यात त्यांना कंटाळा नव्हता. मोजमापे परत मिळाली ती लेखा विभागातल्या ताईंमुळे. 'एक प्रत माझ्या कपाटात पाहिजे' असा त्यांचा जुना हट्ट होता. या हट्टाची आपण जेवणाच्या सुट्टीत थट्टा करायचात, असे त्या सांगतात.

हे टाळण्याचा उपाय अवघड असता तर मी हे पत्र लिहिले नसते. मेनूतला न निवडता निवडला जाणारा पर्याय 'स्थानिक डिस्कवरून सुरू हो' असा ठेवायचा. ज्या यंत्रावर इन्स्टॉल करायचे त्याच्यापुरती, त्याच्या मॅक पत्त्याच्या नावाची फाइल ठेवायची. पीएक्सईलिनक्स ती 'डिफॉल्ट' या सर्वांसाठीच्या फाइलीच्या आधी शोधते. काम झाले की ती काढून टाकायची. असले इन्स्टॉल सांभाळणारे कॉबलर वापरले तर 'एकदाच नेटवर्कवरून' अशी सोय त्यात आहेच. कॉबलर आपण बसवले होते, असे आपल्या बायोडेटात लिहिले आहे. आमच्याकडे त्याचे पॅकेज सापडते, वापरल्याची खूण सापडत नाही.

राहिलेले किरकोळ. फाइलीतल्या, इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या 'पोस्ट' भागात, जादा पॅकेजेस कुठून घ्यायची या ओळीत आपल्या लॅपटॉपचा पत्ता होता. म्हणजे आपण नोकरी सोडलीत तेव्हा रिपॉझिटरी बॅगेत घालून नेलीत. सर्व्हरवर चढणाऱ्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि तिच्या अधिकृत पॅकेजेसचे घर बदलले, हे वेगळे. आपल्या मिररने तर गावच बदलले. रूटचा पासवर्ड साध्या अक्षरांत, आणि फाइल साध्या एचटीटीपीवर. ऑफिसच्या नेटवर्कवर आलेला कुरिअरवालाही ती वाचू शकला असता. हॅश करून लिहिण्याची सोय किकस्टार्टमध्ये आहे. आणि वेळ? 'अमेरिका/न्यूयॉर्क'. उदाहरण उतरवून घेतलेत, ते उदाहरण ज्याने लिहिले तो तिकडचा असावा. सातपूरच्या सर्व्हरचे लॉग आमच्या घड्याळापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. त्या पहाटे नेमके काय कधी घडले हे शोधताना ही भेट फार उपयोगी पडली.

आपण म्हणाल, मी फाइल तपासली होती. केएसव्हॅलिडेटर चालवला, चूक दाखवली नाही. बरोबर आहे. तो व्याकरण तपासतो. 'पोस्ट'मधल्या स्क्रिप्टकडे तो पाहतच नाही, आणि 'ऑल' लिहिणे व्याकरणात चुकीचे नाही.

खरी गंमत फाइलींच्या नावांत आहे. केएस, केएस-न्यू, केएस-फायनल, केएस-फायनल-न्यू-२-खरा. कोणती कोणत्या यंत्रासाठी, कोणी, कशासाठी बदलली, याची एक ओळ नाही. निफाड-दिंडोरीचा बागाईतदार युरोपला द्राक्षे पाठवतो तेव्हा निर्यातीसाठीच्या ग्रेपनेट प्रणालीत प्लॉटची नोंदणी करतो आणि कोणते औषध कोणत्या तारखेला किती मारले हे वहीत लिहून ठेवतो, कारण औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला तर कंटेनर परत येऊ शकतो. त्याच्या हातात फवारणीचा पंप असतो. आपल्या हातात प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट होते, फुकट होते, आणि जागा खाल्ली असती ती काही केबींची.

कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून लिहितो : याच सातपूरमध्ये ईएसडीएससारख्या कंपनीचे डेटा सेंटर आहे. आमच्या छोट्या कारखान्याचा आणि त्यांचा काही संबंध नाही, आणि आपणही तिथले नव्हेत. ज्या गावात दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळण्याचा धंदा चालतो तिथे आपण स्वतःचे असे सांभाळलेत, एवढेच म्हणायचे आहे.

आळस मी समजू शकतो. पण आपण ती फाइल एका दिवसाच्या चिठ्ठीसारखी लिहिलीत आणि कायमच्या आदेशासारखी टांगून ठेवलीत. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

नव्या कंपनीत ती फाइल पेनड्राइव्हवरून नेली असेल, असा माझा अंदाज आहे. आपला स्वभाव काटकसरी. तर एक करा : तिथला 'डिफॉल्ट' मेनू आजच उघडा आणि न निवडता निवडला जाणारा पर्याय बदला. आणि हे पत्र वाचणाऱ्या, कुठल्याही कारखान्यात, बँकेत किंवा कॉलेजात असल्या मेनूचा धनी असलेल्या प्रत्येकाला हेच सांगणे आहे. पाऊस येणारच, वीज जाणारच. त्याआधी ते पाहून घ्या.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
आपल्यानंतर त्या खुर्चीत बसलेला