संगीत वाजतं तिथे काम असतं

जावई : बाबा, तुम्ही उगाच काळजी करता. व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. कव्हर काढलं, साफ केलं, मसाला कालवला, भेगेवर थापला, बोल्ट आवळले, किक मारली, गाडी सुरू. जेवणाआधी तुमची आरएक्स शंभर जशीच्या तशी उभी करतो.

सासरे : जावईबापू, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का? पण तो व्हिडिओ मीही पाहिला. त्यात तीनदा संगीत वाजलं.

जावई : ते असतंच हो. बघणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून घालतात.

सासरे : तेच म्हणतोय. बघणाऱ्याला जिथे कंटाळा येईल तिथे संगीत घालतात, आणि दुरुस्ती नेमकी तेवढ्यातच असते. पहिल्यांदा वाजलं ते कव्हर धुताना. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा पडद्यावर ‘२४ तासांनंतर’ अशी पाटी आली आणि एक अख्खी रात्र दोन सेकंदांत उडाली. तिसऱ्यांदा वाजलं गाडी सुरू झाल्यावर, आणि व्हिडिओ संपला. आता मला सांगा, क्लच कव्हर तडकलं तेव्हा गाडी बंद पडली होती का? नव्हती. कव्हरला भेग गेल्याने इंजिन थांबत नाही, तेल गळतं. मग किकला गाडी सुरू झाली हा कशाचा पुरावा? पाचशे किलोमीटर चालवून, रात्रभर इंजिनखाली पुठ्ठा ठेवून, सकाळी तो कोरडा दाखवला असता तर मी मानलं असतं. पण तिथे संगीतसुद्धा नाही. तिथे व्हिडिओच नाही.

जावई : म्हणजे घरी करूच नये, असं म्हणा ना सरळ. गॅरेजमध्ये टाकतो.

सासरे : उलट, मी घरी करण्याच्या बाजूचा आहे. गॅरेजवाल्याकडे हत्यारं आहेत, बसलेला हात आहे, दोन दुकानं सोडून आर्गन वेल्डिंगवाला आहे. आपल्याकडे यातलं काही नाही. आपल्याकडे त्याच्यापेक्षा एकच गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे सवड. धुतलेलं कव्हर दिवसभर वाळत ठेवायचं, मसाला भरून पुन्हा दिवसभर हात लावायचा नाही, हे त्याला परवडत नाही, कारण तेवढा वेळ गाडी दुकानातली जागा अडवून बसते. म्हणून तो म्हणतो, साहेब, नवीन टाका. त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. आपलं कव्हर मात्र माळ्यावर आठवडाभर पडून राहिलं तरी कुणी भाडं मागत नाही. असं असताना घरी बसून गॅरेजपेक्षा जास्त घाई करायची, म्हणजे असलेलं भांडवल उधळायचं आणि नसलेल्याच्या जोरावर धंदा करायचा.

जावई : पण धुवायला एवढी सवड कशाला? पेट्रोलचं फडकं फिरवलं की लख्ख होतं.

सासरे : लख्ख दिसतं. हे कव्हर ओतीव आहे. नुसतं ॲल्युमिनियम साच्याच्या पातळ कोपऱ्यांपर्यंत नीट वाहत नाही, म्हणून अशा मिश्रधातूत साधारण दहा-बारा टक्के सिलिकॉन असतं. त्यामुळे रस छान धावतो, पण थंड झालेला धातू ठिसूळ होतो. गाडी आडवी झाल्यावर पोलादी पत्र्याला पोचा येतो आणि ओतीव कव्हर तडकतं, ते याच कारणाने. शिवाय ओतताना अडकलेल्या हवेची बारीक छिद्रं धातूच्या पोटात राहतात. ही गाडी बनायची थांबली १९९६ साली, म्हणजे त्या छिद्रांनी आणि या भेगेने किती तेल प्यायलं असेल बघा. लोणच्याच्या बरणीतला लाकडी चमचा कितीही घासला तरी गरम पाण्यात टाकला की तवंग सोडतो, तसं हे कव्हर तापलं की पुन्हा घामेजतं. म्हणून आधी डिझेल, मग गरम पाणी आणि साबण, मग कडक ऊन. तेल बाहेर आलं की थिनर, आणि पुन्हा ऊन. पांढरं फडकं पांढरं निघेपर्यंत हेच. शेवटी पॉलिश पेपरने खरवडायचं आणि पाण्याचा थेंब टाकायचा. तो पसरला तर धातू स्वच्छ आहे. मणी होऊन बसला तर अजून तेल आहे, आणि त्यावर थापलेला मसाला धातूला चिकटणार नाही, तेलाला चिकटेल.

जावई : फडकं, ऊन, फडकं, ऊन... हे कोण बघेल बाबा?

सासरे : कुणी बघणार नाही. म्हणून तर संगीत.

जावई : बरं, धुतलं. भेग दिसतेच आहे, चार बोटांची. त्यावर थापायला तर हरकत नाही?

सासरे : दिसते चार बोटांची. असते किती ते डिझेलला विचारायचं. आतल्या बाजूने भेगेवर डिझेल लावायचं, बाहेरून खडू फासायचा आणि थोडं थांबायचं. भेग जिथपर्यंत गेली असेल तिथपर्यंत खडू ओला होतो. डोळ्याला दिसलेल्या टोकापेक्षा हे टोक बहुधा पुढेच निघतं. त्या खऱ्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. तुम्हाला वाटेल, आधीच तडकलंय, त्यात आणखी भोक कशाला? भेगेचं टोक अतिशय अणकुचीदार असतं. सगळा ताण तिथे एकवटतो आणि इंजिनच्या थरथरीने भेग पुढे सरकत राहते. गोल भोकाला टोक नसतं, म्हणून ताण विखुरतो आणि भेग थांबते. मग कानशीच्या कोपऱ्याने भेगेवर खोबण पाडायची, म्हणजे मसाला वर न बसता आत शिरेल. आणि हे सगळं थिनरच्या शेवटच्या फडक्याआधी उरकायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून धुणं आलं.

जावई : एवढ्या उस्तवारीपेक्षा वेल्डिंग काय वाईट? एकदाच करायचं, कायमचं.

सासरे : वेल्डिंग उत्तमच, चांगल्या हाताचं असेल तर. पण तेही धुण्यातून सुटत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हे सिलिकॉनवालं त्याहून आधीच. पण त्याच्यावर ऑक्साइडची जी पातळ साय असते ती २००० अंशांच्या पुढे वितळते. म्हणजे साय शाबूत आणि खाली धातूचं पाणी. म्हणून त्याला एसी करंटवर आर्गन लागतं; त्या करंटचा अर्धा फेरा साय फोडतो. धातूच्या पोटात तेल उरलं असेल तर ते उष्णतेने जळून वेल्डमध्ये फुगे धरतं, आणि वेल्ड गळतं. वर एका जागी एवढी धग लागली की पॅकिंगची कडा वाकते. मग सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती घासत बसा. ही भेग पॅकिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या भोवती असती, तर मीच म्हटलं असतं की मसाल्याचा नाद सोडा, वेल्डिंगला द्या किंवा कव्हर बदला. तिथे बोल्टचा दाब आणि ओढ दोन्ही असतात. आणि ऑइल पंप बसतो त्या जागेला भेग असती, तर गाडीला हातही लावू दिला नसता. पंप हलला की पेट्रोलबरोबर जाणारं तेल थांबतं आणि पिस्टन जाम होतो. तुमच्या... म्हणजे या वेळची भेग कव्हरच्या पोटाला आहे. तिथे क्लचचं तेल नुसतं उडतं, पंपाने ढकललेलं नसतं, आणि सिलिंडरइतकं तापतही नाही. म्हणून इथे मसाला चालेल, असं मी म्हणतो.

जावई : मग नवीनच आणतो ना! नाना पेठेत काय मिळत नाही? फिरलो की तासाभरात कव्हर हातात.

सासरे : आणा की. आजची गाडी असती तर मीच पाठवलं असतं. चालू मॉडेलचं कव्हर चिकटवत बसणं ही हौस झाली, त्याला काटकसर म्हणू नये. पण या गाडीचं कंपनीचं कव्हर मिळणं कठीण, आणि मिळतं त्यातलं नक्की कुठलं बसेल ते बसवल्याशिवाय कळत नाही. भोकं अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असली की बोल्ट आडवा घुसतो आणि क्रँककेसचे आटे जातात. कव्हर बदलता येतं, क्रँककेस बदलायची म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं. मूळचं कव्हर तीन दशकं त्याच जागी बसलंय, त्याच्या फिटिंगबद्दल शंका नाही. तेवढ्यासाठी ते वाचवायचं.

जावई : ठीक. म्हणजे आता तरी मसाला. तो मी जरा हार्डनर जास्त घालून कालवतो, लवकर वाळेल.

सासरे : लवकर वाळणार नाही, अर्धवट राहील. हार्डनर काही मसाल्याला हाकणारा मुकादम नाही. इपॉक्सीत राळ आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. पाकिटावर समान लिहिलं असेल तर समान. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना उरतो आणि लगदा नरम राहतो. आणि तो नळाच्या गळतीचा मसाला बाजूला ठेवा. धातूची भुकटी मिसळलेला, तेल आणि उष्णता सोसणारा इपॉक्सी घ्या. किती अंश सोसतो ते पाकिटावर असतं, ते वाचा. तापल्यावर दहा सेंटिमीटर लांबीचं ॲल्युमिनियम ८० अंशांत जवळपास ०.२ मिलिमीटर वाढतं, थंड झालं की परत येतं. मसाल्याची वाढ त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणजे दर फेरीला हा सांधा थोडा ओढला जाणार. स्वच्छ धातूला धरून पुरता कडक झालेला मसाला ती ओढ सोसतो. घाईचा मसाला पापुद्रा होऊन सुटतो, आणि तो पापुद्रा आत क्लचच्या गिअरमध्ये जातो. बाहेर तेलाचा थेंब पडला तर निदान दिसतो. आत पडलेला तुकडा दिसत नाही, ऐकू येतो.

जावई : मग आतून जाड थर देऊ, दणदणीत.

सासरे : आत क्लच फिरतो. तुमचा दणदणीत थर त्याला घासला तर? आधी जागा मोजा. आत स्वैपाकघरातून कणकेचा गोळा मागून घ्या, क्लचच्या बाहेरच्या तोंडावर भेगेसमोर चिकटवा, कव्हर लावा, बोल्ट आवळा, पुन्हा काढा. गोळा जेवढा चेपून उरला तेवढी तुमची मोकळी जागा. त्याच्या निम्म्याहून कमी थर द्यायचा, पण भेगेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पसरवून. जोर जाडीत नसतो, चिकटलेल्या क्षेत्रफळात असतो.

जावई : कणीक! आई विचारतील, काय करताय म्हणून.

सासरे : व्हिडिओत इथेही संगीत असतं, म्हणून तुम्हाला कणीक दिसली नाही.

जावई : बाबा, ते संगीत आता पुरे. एक बोलू? तुम्ही निवृत्त आहात, म्हणून सवडीचं हे तत्त्वज्ञान तुम्हाला सुचतं. मला आठवड्यात एक रविवार मिळतो. त्यात बाजार, मुलीची शाळेची वही, सोसायटीची मीटिंग. सवड ही आता पगारापेक्षा महाग वस्तू आहे. जिच्यात सवड लागते ती काटकसर गरिबाची नाही, श्रीमंताची झाली.

सासरे : हे मात्र तुम्ही खरं बोललात, आणि मी ते उडवून लावणार नाही. ज्याच्याकडे वेळ नाही त्याने गॅरेजमध्ये टाकावं. त्यात कमीपणा नाही. माझा आक्षेप फक्त एवढाच, की काटकसर म्हणून घरी करायचं आणि वेळ लागू नये म्हणून अर्धं करायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही. आणि नीट हिशेब केला तर तुमच्या हाताचं काम मिळून दोन-तीन तासांचं. बाकीचा सगळा वेळ कव्हर आपणहून वाळतं, मसाला आपणहून कडक होतो. तुम्ही ऑफिसात असाल तरी चालतं. तुमच्याकडून मागतंय ते एवढंच, की मध्ये हात लावू नका. हे फुकट आहे, आणि तरी कुणाला परवडत नाही.

जावई : म्हणजे मी उतावळा.

सासरे : असं मी म्हटलं नाही.

जावई : म्हटलं नाहीत. पण ‘गाडी आडवी झाली’, ‘या वेळची भेग’... तुम्ही मघापासून शब्द वेचून वेचून बोलताय. मी पाडली, सरळ म्हणा की! दुसरा कुणी असता तर पहिल्याच मिनिटाला कान धरला असता. जावई म्हणून मला खडू, डिझेल आणि ॲल्युमिनियम ऐकवताय.

सासरे : ॲल्युमिनियम खरंच तसंच वागतं हो.

जावई : ॲल्युमिनियम राहू द्या. कव्हर नीट झालं, आठवडाभर थांबलो, पुठ्ठा कोरडा निघाला. त्यानंतर गाडीची किल्ली मला देणार की नाही?

सासरे : बोल्ट सहा मिलिमीटरचे आहेत. समोरासमोरचे धरून, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळायचे. अंगातला जोर लावला की आटे जातात.

जावई : बाबा, मी किल्लीचं विचारतोय.

सासरे : आणि काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्या भोकाचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा. सगळे सारख्या लांबीचे नाहीत. आखूड बोल्टच्या जागी लांब गेला आणि तो तळाला टेकल्यावर आपण आवळत राहिलो, की तिथे दुसरी भेग.

जावई : (आत बघत) आई, जरा बाहेर येता का?