प्रतिध्वनीचे जहागीरदार

जेथे यंत्रमागांचा खडखडाट हाच अहोरात्र स्थायीभाव आहे आणि जेथे शेजाऱ्याला हाक मारावयाची तर आधी चार मागांच्या आवाजावर मात करावी लागते, त्या भिवंडी शहरात ध्वनीच्या सूक्ष्म छटांचा ध्यास घेतलेला गृहस्थ जन्माला यावा, ही विधात्याची थट्टाच म्हटली पाहिजे. आणि विधात्याला थट्टेची हौस फार असल्यामुळे असे गृहस्थ अंजूरफाट्यापासून कामतघरापर्यंत तुरळक का होईना, पण निश्चित आढळतात. आगरी-कोळी हळदीगीतांची ध्वनिमुद्रणे करण्याच्या सद्धेतूने हा मनुष्य घराची मागची खोली ताब्यात घेतो, घरातल्या गोधड्या जप्त करून भिंतींना ठोकतो, आणि मग गाण्याचे नाव सोडून जुनी इको मशीने जमवू लागतो.

त्याच्या दौलतीतील मुकुटमणी म्हणजे रोलंड या जपानी कंपनीचे १९७४ साली निघालेले ‘स्पेस इको’. झाकण उघडून तो पाहुण्याला दर्शन देतो, तेव्हा चपला बाहेर काढावयास सांगत नाही एवढेच. आत टेपची एक बिनटोकाची पट्टी नागमोडी वळणे घेत फिरत असते. एक हेड तिच्यावर आवाज उमटवते, पुढची तीन हेडे तोच आवाज थोड्याथोड्या अंतराने परत करतात, आणि शेवटी सारे पुसून पट्टी पुन्हा कोरी होऊन रुजू होते. विजापूरच्या गोलघुमटात कुजबूज पुनःपुन्हा ऐकू यावी म्हणून आदिलशाहीला डोंगराएवढा दगड खर्ची घालावा लागला आणि तेच काम जपान्याने एका पेटीत बसवले, हे तो इतक्या अभिमानाने सांगतो की जणू पेटीचा आराखडा कामतघरातच मंजूर झाला होता. पट्टी झिजते, मोटरीचा वेग ढळतो, आणि परतणारा सूर किंचित डगमगत येतो. या डगमगण्यातच सारा जीव आहे, असे त्याचे ठाम मत. स्वयंपाकघरातल्या मिक्सरची मोटर तशीच डगमगू लागते, तेव्हा मात्र तो मिक्सर त्याच दिवशी भंगारवाल्याच्या हवाली होतो. संगणकात हुबेहूब असाच प्रतिध्वनी अल्प मोलात मिळतो, असे पुतण्या म्हणाला, त्या दिवसापासून पुतण्याला त्या खोलीत मज्जाव आहे.

मशीन जपानचे, म्हणून त्याला शंभर व्होल्ट हवेत आणि आपल्या भिंतीतून येतात दोनशे तीस. सबब मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसतो, तो स्वतःचा गुणगुणाट सुरू करतो, आणि त्या गुणगुणाटाच्या बंदोबस्तासाठी लॅमिंग्टन रोडची वारी घडते. चोरबाजार वाटेवर नसला तरी वाटेवर येतो. लंडनच्या वॉटकिन्सचे १९५८ सालचे ‘कॉपीकॅट’ तेथे एकदा दिसल्याची आख्यायिका तो अजून जपून आहे. जर्मनीच्या ईएमटी कंपनीचे १९५७ सालचे प्लेट रिव्हर्ब, ज्यात ताणून टांगलेला पोलादी पत्रा कंपित करून सभागृहाचा आभास निर्माण करीत, ते अडीचशे किलोंहून जड असल्यामुळे केवळ तसबिरीच्या रूपाने भिंतीवर आहे. तरीही माणकोलीच्या एका गोदामात त्याने जागेचा दर विचारून ठेवला आहे. बायकोने याविषयी जी कैफियत सासऱ्यांपुढे मांडली, तिचा तपशील येथे देणे प्रशस्त नव्हे.

या मशीनांचा खरा धन्वंतरी मात्र शेजारच्या कारखान्यातला जॉबर. धोट्याची फेक आणि पट्ट्याचा ताण यांत आयुष्य गेलेल्या या माणसाने झाकण उघडताच बोट घालून सांगितले, “शेठ, हा रबराचा रोलर चकचकीत झालाय, म्हणून पट्टी सरकते.” संग्राहकाने परदेशी माहितीपुस्तकांवर महिने घालवून काढलेला निष्कर्ष हाच होता. जॉबराने चहाखेरीज काही घेतले नाही आणि जाताना एवढेच विचारले, की एकदा बोललेले पुन्हापुन्हा ऐकावयाचे, तर त्यासाठी मशीन कशाला, घरात माणसे नाहीत काय?

अखेर एकदा ध्वनिमुद्रणाचा योग आला. आगरी लग्नांत धवले गाणारी एक वृद्ध धवलारीण कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आणविली. हेडे स्पिरिटने पुसणे, पट्टी बदलणे, ट्रान्सफॉर्मरची समजूत घालणे यांत दोन प्रहर लोटले. तोवर आजीबाई अंगणात बसून सगळे धवले गाऊन मोकळ्या झाल्या आणि हद्दपार पुतण्याने ते मोबाईलवर उतरवून घेतले. दुसऱ्यांदा गाण्यास त्यांनी साफ नकार दिला, कारण नवरीवाचून तेच धवले पुन्हा गाणे रीतीत बसत नाही असे त्यांचे म्हणणे पडले. निरुपायाने संग्राहकाने पुतण्याशी तह केला, तेच मुद्रण स्पेस इकोतून काढले, आणि डोळे मिटून, मान डोलावीत आजीबाईंना ऐकविले. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि पदराची गाठ चाचपीत विचारले, “रं बाला, माझे मांगशी ही दुसरी कोन गातं? माझे बिदागीन तिचा पन वाटा हाय काय?”