पाणी उताराला, अर्ज चढणीला

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमची घोषणा, आणि तिला पुरावा मागायची पद्धत नाही. तरी एखाद्या पाहुण्यानं मागितलाच, तर आम्ही त्याला जिंतूर तालुक्यात येलदरीला नेतो. पूर्णा नदीवर 1968 साली बांधून झालेलं मातीचं धरण, पोटात 934 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी, पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचं वीजघर. पाहुणा गार पडतो. मग हळूच विचारतो, “हे सगळं तुमची जिल्हा परिषद सांभाळते का?” इथं मात्र गार पडायची पाळी आमची.

कारण शंभर हेक्टरपर्यंत रान भिजवणारा तलाव तेवढा जिल्हा परिषदेचा. त्यापुढचं पाणी सरकारच्या मोठ्या खात्यांचं. म्हणजे येलदरीचा गुन्हा एवढाच की ते फार मोठं झालं. धरण जलसंपदा खात्याचं. वीज महानिर्मितीची, पण गावाच्या खांबावर आली की महावितरणची. मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा. रस्त्याकडेचं झाड सामाजिक वनीकरणाचं, जरा आत सरकलं की वन खात्याचं. परभणी शहराकडं निघालेलं पाणी महापालिकेचं, मोठ्या प्रादेशिक योजनेचं जीवन प्राधिकरणाचं, आणि वाडी-वस्तीच्या नळाचं जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचं. पलीकडच्या काठाला तर जिल्हाच बदलतो. 1 मे 1999 पासून तिकडं हिंगोली आहे. पाणकोंबडी इकडून तिकडं पोहत जाते तेव्हा तिला कुणी ना-हरकत प्रमाणपत्र विचारत नाही, एवढी एक ढिलाई प्रशासनात अजून शिल्लक आहे.

आता समजा, धरणाच्या काठावरच्या एका आजीला नळाला पाणी हवंय. आजीचा अर्ज ग्रामपंचायतीत जातो, तिथून जिंतूरच्या पंचायत समितीत, तिथून पाणीपुरवठ्याच्या उपविभागात, तिथून परभणीला कार्यकारी अभियंत्याकडं आणि अखेर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं. इकडं धरणातलं पाणी कुणाची सही न घेता खाली सिद्धेश्वरला पोचतं आणि तिथून कालव्यानं थेट नांदेडपर्यंतच्या रानात शिरतं. पाण्याला उतार असतो, अर्जाला चढण. वर्षभरानं अर्ज शेरा घेऊन परत येतो: ‘उद्भव शाश्वत असल्याबाबत भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला जोडावा.’

“माह्या ओट्यावरून धरण दिसायलंय की हो साहेब,” आजी म्हणते.

“मावशी, दिसून काय करता? योजनेत उद्भव म्हणून, म्हणजे पाण्याचा स्रोत म्हणून, विहीर दाखवलीय. दाखला विहिरीचा पाहिजे. धरण आमच्या टेबलाला येत नाही.”

साहेबाचं काही चुकत नाही, आणि खरी गंमत तीच. या साखळीत कुणाचंच काही चुकत नाही. प्रत्येक जण आपल्या हद्दीत निर्दोष आहे आणि आजी नेमकी दोन हद्दींच्या मध्ये राहते.

थोडा हिशेब करू. जलजीवन मिशननं 2019च्या स्वातंत्र्यदिनी माणशी रोज 55 लिटर पाणी आणि घरोघरी नळ, असं वचन दिलं. मुदत 2024 होती. ती आता 2028 झाली. 2011च्या जनगणनेत परभणी जिल्हा 18 लाख 36 हजारांचा. येलदरी भरलं की उपयुक्त साठा सुमारे 809 दलघमी. भागाकार केला तर एकदा भरलेलं येलदरी अख्ख्या जिल्ह्याला 55 लिटरच्या मापानं जवळपास बावीस वर्षं पुरतं! अर्थात बाष्पीभवन आहे, शेती आहे, शेजारी जिल्ह्यांचा हक्काचा वाटा आहे, सलग दुष्काळ आहेत, सगळं खरं. पण ते वजा करूनही आजीच्या दोन घागरी उरायला हरकत नसावी. याच जिल्ह्यात 2016च्या उन्हाळ्यात लातूरपाठोपाठ पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. हंडा घेऊन पाच जणी एकत्र आल्या की कायदा-सुव्यवस्था धोक्यात. टँकर आला तर त्याचं माप वेगळं: माणशी 20 लिटर. त्याच माणसाची तहान नळाला 55 असते आणि टँकरला 20, हा शोध विज्ञानाला अजून लागलेला नाही.

पर्यावरणाच्या बाबतीत मात्र कामगिरी डोळे दिपवणारी आहे, कारण तिथं पाइपलाइन लागत नाही. 2 ऑक्टोबर 2020 पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतं गुणांसाठी वाटून दिलीत. कल्पना चांगली आहे, टिंगल करण्यासारखी नाही. टिंगलीची सोय पुढं अंमलबजावणीत होते. आकाश या तत्त्वाखाली जनजागृती येते. जनजागृती म्हणजे फ्लेक्स. त्यामुळं गावाच्या वेशीवर आकाश झाकलं जाईल एवढा फ्लेक्स लावला की आकाशाचे गुण मिळण्याची आशा धरता येते. शिवाय ई-शपथ आहे. मोबाइलवर बोट टेकवलं की वसुंधरा वाचते. फक्त रेंज पाहिजे, ती धरणाच्या भिंतीवर चढल्यावर येते. झाडांचं म्हणाल, तर 2019 साली राज्यानं 33 कोटींचा संकल्प केला होता. त्यातलं कोणतं झाड जगलं हे शेळ्यांना विचारावं, त्यांची पाहणी प्रत्यक्ष जागेवरची असते.

एप्रिल 2018मध्ये राज्य हागणदारीमुक्त जाहीर झालं. संडासाला बारा हजार मिळाले. संडासाला पाणी लागतं ही बाब दुसऱ्या योजनेतली, म्हणून इथं लिहीत नाही.

हे सगळं कुणाला विचारायचं? त्यासाठी जिल्हा परिषदेत सदस्य असतात, सभापती असतात, खास जलव्यवस्थापन व स्वच्छता समिती असते. 1 मे 1962ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा मंत्रालयातला कारभार बांधापर्यंत यावा हाच हेतू होता. मार्च 2022मध्ये परभणीच्या सदस्यांची मुदत संपली, निवडणुका आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या, आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकराज चाललं. लोकशाहीच्या दृष्टीनं वाईट, पण सभेच्या दृष्टीनं आदर्श काळ. एकाच खुर्चीनं विषय मांडायचा, त्याच खुर्चीनं मंजूर करायचा. गोंधळ नाही, सभात्याग नाही, कुणी रिकामा हंडा आणून टेबलावर आपटत नाही. सदस्य होते तेव्हा तरी काय दिवे लावले, असं विचारणारे आहेत. मीही विचारत असतो. पण सदस्याच्या दारात आजीला ओरडता तरी येत होतं. प्रशासकाच्या दारात अभ्यागतांची वेळ लिहिलेली असायची.

पावसाळ्यात येलदरी भरतं, दरवाजे उघडतात, आणि वर्षात एकदा सगळी खाती एका सुरात बोलतात: नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. हा इशारा मात्र आजीच्या ओट्यापर्यंत वेळेवर पोचतो. भोंगा, दवंडी, मोबाइल, सगळ्या वाटांनी. म्हणजे इच्छा झाली तर सरकारला तिचा पत्ता माहीत आहे.

शेवटी आजीसाठी, आणि तिच्यासारख्या काठावरच्या सगळ्यांसाठी, एक कामाची माहिती. टंचाई कृती आराखड्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. पहिला टप्पा धरण तुडुंब असताना सुरू होतो आणि 30 जूनला, पाऊस येवो न येवो, टंचाई संपते. तेव्हा अर्ज मे महिन्याच्या उन्हात देऊ नका. दसऱ्याला, धरण भरलेलं बघून द्या. आणि पोच घ्यायला विसरू नका.