बारसं टाळण्याची कला

सहाशे ओळींची मेथड लिहिणाऱ्याला आपण आळशी म्हणतो, आणि इथेच आपलं निदान चुकतं. आळशी माणूस सहाशे ओळी लिहीलच कशाला? हा माणूस कष्टाळू असतो, चिवट असतो. फक्त बारसं करायची वेळ आली की त्याच्या पोटात गोळा येतो. ऑर्डर तपासणं, सवलत काढणं, जीएसटी लावणं, बिल छापणं, ग्राहकाला मेल धाडणं ही पाच कामं वेगळी केली तर पाच नावं शोधावी लागतात. एकत्र कोंबली की एकावर भागतं, आणि ते एक बहुधा ‘प्रोसेस’ असतं, ज्याच्याखाली बिलापासून विश्वोत्पत्तीपर्यंत काहीही खपतं. पुरावा त्या मेथडच्या पोटातच सापडतो. दर पन्नासेक ओळींनंतर एक कॉमेंट भेटते: ‘आता सवलतीचा हिशोब’, ‘इथून कर’. म्हणजे नाव सुचलं होतं, लिहूनही झालं होतं. त्यावर सही करायची हिंमत तेवढी झाली नाही.

मार्टिन फाउलर यांचं ‘रिफॅक्टरिंग’ १९९९ साली आलं. त्यातली ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’ ही कृती आता प्रत्येक प्रोग्रामरला मुखोद्गत असते: लांब मेथडमधला तुकडा उचला, वेगळा करा, नाव द्या. तुकडा काम कसं करतो यावरून नव्हे, काय करतो यावरून नाव द्यावं, असं फाउलर सांगतात. पुढे ते असंही म्हणतात की अधिक बोलकं नाव सुचत नसेल तर तुकडा काढूच नका. हे दुसरं वाक्य लोक सोयीस्करपणे विसरतात. माझं म्हणणं एवढंच की सगळी गंमत त्याच वाक्यात आहे. मेथड कुठे तोडायची हे ओळी मोजून ठरत नाही, प्रामाणिक नाव कुठे मिळतं त्यावरून ठरतं. ‘कर मोजून मेलही पाठव’ असं नाव सुचू लागलं, तर कात्री चुकीच्या जागी लागली आहे. आणि लांब मेथडमध्ये नावांची गरज लागत नाही, हाही भ्रमच. तिथे ‘टोटल’ चाळिसाव्या ओळीवर सवलतीआधीची रक्कम असते, दोनशेव्या ओळीवर करासकटची, आणि साडेचारशेव्या ओळीपर्यंत ती किती मेल गेले याचा आकडा झालेली असते. तुकडा उचलायला गेलं की पहिला प्रश्न येतो, यातली कोणती टोटल सोबत न्यायची?

आता तोडणाऱ्यांची अडचण. नावं वाढली की ती एकमेकांना धडकतात. पूर्वी तर फारच दाटी होती. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकात फायलीबाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरं ओळखण्याची हमी होती, त्यामुळे रोमन लिपीतली ‘कॅल्क्युलेट टॅक्स’ आणि ‘कॅल्क्युलेट टोटल’ लिंकरच्या लेखी एकच ठरू शकत. आज जागा मुबलक आहे, तरी धोका संपलेला नाही. जावात पालक क्लासमध्ये तुम्ही नवी पब्लिक मेथड काढलीत आणि तसंच नाव, तसेच पॅरामीटर एखाद्या उपक्लासमध्ये आधीपासून असले, तर पालकाचं काम मूल गुपचूप परस्पर करू लागतं. तक्रार कुणीच करत नाही, चुकतात फक्त आकडे. सगळ्यात मासलेवाईक प्रकरण जावास्क्रिप्टचं. २०१८ मध्ये याद्यांसाठी ‘फ्लॅटन’ ही मेथड भाषेतच यायची होती. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने ते नाव आधीच लावून टाकलं होतं, आणि नव्या मेथडमुळे त्या लायब्ररीवर चालणारी वेबसाइट मोडते असं दिसलं. मग अर्धवट थट्टेत ‘स्मूश’ हे नाव पुढे आलं, त्यावर भरपूर वादंग झालं, आणि शेवटी ‘फ्लॅट’वर तडजोड झाली. जगभरच्या तज्ज्ञांना एक नाव बदलावं लागलं, कारण कुणीतरी कधीकाळी आपल्या मेथडचं बारसं भर चौकात उरकलं होतं.

कुणी म्हणेल, मग नेमस्पेस कशासाठी आहेत? खरंच, आपल्याकडे सुरेश कितीही असले तरी वडिलांचं नाव आणि आडनाव लावलं की पोस्टमन चुकत नाही. नेमस्पेसचं कामही तेच. पण सी प्लस प्लसमध्ये हे ‘आडनाव’ देणारे लोकच फायलीच्या माथ्यावर एक ओळ लिहून प्रमाण लायब्ररीचं ‘स्टड’ हे आडनावच पुसून टाकतात, आणि २०१७ च्या आवृत्तीत ‘बाइट’ हे नाव प्रमाण लायब्ररीत आल्यावर विंडोजच्या जुन्या ‘बाइट’शी त्याची टक्कर झाली की कपाळाला हात लावतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: रॉबर्ट मार्टिन यांच्या शिकवणीप्रमाणे दोन-चार ओळींच्या मेथड केल्या तर वाचणाऱ्याला सतत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ च्या पुस्तकात हेच सुनावलं, आणि मला ते पटतं. ज्या तुकड्याचं नाव वाचूनही आत डोकावावंच लागतं, तो तोडून काही साधलं नाही. तिसरा आक्षेप असा की हे सगळं हल्ली एडिटरच करतो. करतो खरा. व्हेरिएबल कोणते आत द्यायचे, कोणतं परत आणायचं, हे तो माणसापेक्षा अचूक ओळखतो. नावापाशी मात्र व्हिज्युअल स्टुडिओही थबकतो आणि नव्या तुकड्याला ‘न्यूमेथड’ म्हणून मोकळा होतो. ते न बदलता दुसरा तुकडा काढलात, तर तो ‘न्यूमेथड१’ देतो.