वहिनींच्या सुनेचं अनुदान

"ताई, यूसी म्हणजे काय हो? काल जेवताना सूनबाईंचं एकच चाललं होतं, यूसी अडकलंय, यूसी अडकलंय. मला बाई वाटलं, पोरीला कसलं दुखणं लागलं."

वहिनी कुंपणाच्या पलीकडून, मी अलीकडून, मधे जास्वंद. मी कॉलेजच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेली बाई. यूसी म्हटलं की अजून पोटात कळ येते.

"दुखणंच आहे वहिनी, पण सुनेचं नाही, ऑफिसचं. युटिलायझेशन सर्टिफिकेट. सरकारने संशोधनाला पैसे दिले, ते त्याच कामाला खर्च झाले असं लिहून द्यायचं. फॉर्म जीएफआर बारा-अ. सीएची सही, प्राचार्यांची सही. ते दिल्लीला पोचलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही."

"एवढंच ना? मग द्या म्हणावं लिहून."

एवढंच म्हणणाऱ्या माणसाला मार्च महिन्यात एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं होतं.

वहिनींची सून इंदापूरकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. रोज एसटीने जाऊन येऊन. चोपण जमिनीत तग धरणारे जिवाणू शोधायचे, असा तिचा प्रकल्प. मंजूर झाला तेव्हा वहिनींनी कॉलनीभर पेढे वाटले होते. मी पेढा घेतला आणि मनात म्हटलं, पोरी, पैसे मिळाले हे ठीक, आता ते खर्च करून दाखव.

"त्या पैशांचे कप्पे असतात वहिनी. उपकरणांचे वेगळे, रसायनांचे वेगळे, प्रवासाचे वेगळे, किरकोळ खर्चाचे वेगळे. एका कप्प्यातलं दुसऱ्यात घालायचं नाही."

"म्हणजे सासूबाईंनी भाजीला दिलेल्या पैशातून साखर आणायची नाही."

"अगदी. आणायचीच असेल तर सासूबाईंची लेखी परवानगी, आणि सासूबाई राहतात दिल्लीत. बरं, पैसे पडून राहिले आणि त्यावर बँकेने व्याज दिलं, तर तेही सरकारजमा करायचं. मी एकदा 212 रुपये व्याज भारतकोश पोर्टलवर भरायला अख्खी दुपार घालवलीय. आधी पासवर्ड चालेना, मग चलनाचा प्रकार कोणता निवडायचा ते कळेना."

"आणि ते मीटरचं काय झालं? कसलातरी मीटर चार महिने येतोय म्हणत होती."

ईसी मीटर. मातीतला खार मोजायचं साधं यंत्र. दुकानदार पुण्यात, मीटर त्याच्या कपाटात, पैसे कॉलेजच्या खात्यात. पण आधी जेमवर बघायचं. जेम म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल. तिथे हवा तसा मीटर मिळाला नाही, तर तो तिथे नाही असा अहवाल त्याच पोर्टलवरून काढायचा आणि फायलीला लावायचा.

"नसल्याचा दाखला?"

"नसल्याचा दाखला."

वहिनी इतक्या हसल्या की हातातली गवार खाली सांडली. मी त्यांना पुढचं सांगितलंच नाही. संशोधन संस्थांना उपकरणांवर 5 टक्के सवलतीचा जीएसटी होता, तो जुलै 2022 मध्ये 18 झाला. ज्यांनी प्रस्ताव जुन्या दराने लिहिले आणि बिलं नव्या दराने आली, त्यांची गंमत ऑफिसने पाहिलीय. जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीत ढील दिली, कोटेशनशिवाय घ्यायची मर्यादा 1 लाखाची 2 लाख केली, हेही खरं. पण सूनबाईंचा मीटर त्याआधीचा.

एवढ्यात तिसऱ्या बाजूने अण्णा आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नळाला पाणी आलं का ते बघायच्या निमित्ताने रोज येतात.

"काय म्हंता, चोपण जमिनीवर संशोधन? आवो, ते तर इंग्रजानं करून ठिवलंय!"

अण्णांचं बोलणं आम्ही अर्धं सोडून देतो, पण हे खोटं नव्हतं. नीरा डावा कालवा 1885 चा. पाणी आलं, ऊस आला, आणि पंचवीस वर्षांत काठच्या जमिनींवर मीठ फुटायला लागलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर 1910 मध्ये एक पुस्तिकाच काढली. पुढे 1932 मध्ये नदीपलीकडे फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. खर्चाला इम्पिरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चचा हातभार होता. म्हणजे बाहेरचा पैसा आणून इथल्या मातीचा अभ्यास करायची आपल्याकडे चांगली शंभरेक वर्षांची चाल आहे.

"मग झालेलंच परत कशाला करायचं?" वहिनींचा रास्त सवाल.

"कारण पाणी थांबलं न्हाई," अण्णा म्हणाले. "तवा एक कालवा हुता. 1980 ला उजनीचं धरण झालं, मग उपसा आला. निचऱ्याचे चर कोण काढतंय? ज्याला त्याला पाणी पायजे, चर शेजाऱ्याच्या रानातनं जाऊ दे!"

हा अण्णांचा आवडता विषय. त्यांना तिथेच थांबवलं नसतं तर उजनीची पातळी आणि आवर्तनाची तारीख निघाली असती आणि गवार तशीच राहिली असती.

"पण ताई, हे पैसे देतं तरी कोण? आमच्या ह्यांच्या मावसभावाला पूर्वी मिळाले होते, त्याला काही एवढा त्रास झाला नाही."

तो काळ यूजीसीच्या मायनर प्रोजेक्टचा. रक्कम थोडी, पण इतिहासवाल्यालाही मिळायची आणि रसायनवाल्यालाही. कॉलेजला यूजीसीची 2(एफ) आणि 12(बी) मान्यता असली की झालं. काम पुण्यातच, गणेशखिंडीतल्या पश्चिम विभागीय कार्यालयात. सकाळच्या एसटीने जायचं, साहेबांना भेटायचं, काय कमी आहे ते विचारायचं आणि संध्याकाळी घरी. टेबलापलीकडे माणूस असायचा. काही वर्षांपूर्वी ते दुकान मिटलं. आता सगळं पोर्टलवर, आणि पोर्टलला "साहेब, नेमकं काय चुकलं?" असं विचारता येत नाही.

विज्ञानाच्या पैशांसाठी सर्ब नावाचं मंडळ होतं, 2008 च्या कायद्याचं. 2023 मध्ये नवा कायदा झाला आणि त्याच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत 50,000 कोटी, असं जाहीर झालं. वहिनींचे डोळे विस्फारले.

"थांबा. त्यातले सरकारचे 14,000 कोटी. बाकीचे उद्योगांकडून, देणग्यांतून यायचेत."

"म्हणजे यायचेत."

"यायचेत. हा कायदा येत होता तेव्हा सरकारकडूनच सांगितलं गेलं होतं की सर्बच्या पैशातला 65 टक्क्यांच्या आसपास वाटा आयआयटींकडे जातो आणि राज्यांच्या विद्यापीठांकडे 11 टक्के. आपल्यासारखी कॉलेजं त्या 11 टक्क्यांच्याही तळाशी."

वहिनी मनातल्या मनात भागाकार करत असाव्यात. मी त्यांना एक बरी गोष्टही सांगितली, कारण नुसतं रडगाणं गायलं की आम्ही निवृत्त लोक चिडके ठरतो. सर्बने टेअर नावाची योजना काढली होती, खास कॉलेजांतल्या आणि राज्य विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी. आपली नोकरी सांभाळून जवळच्या मोठ्या संस्थेत काम करायचं, तीन वर्षं, वर्षाला 5 लाखांचं अनुदान, शिवाय शिक्षकाला 60,000. आता आपल्या बारामतीकडे बघा. माळेगाव खुर्दला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था 2009 पासून आहे. मुरमाचा माळ फोडून तिथे शेत केलंय. दुष्काळ, खार, ऊन यांवरच काम. होळला आघारकर संस्थेचं शेत आहे. मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाला अशी संस्था शोधायला ट्रॅफिकमधून जावं लागतं, आपल्याला रिक्षा पुरते. ही जवळीक आपण वापरत नाही, हे मात्र आपलं चुकतं. दिल्लीचं नाही.

"माझ्या बहिणीच्या मुलाला सांगते," वहिनी उत्साहाने म्हणाल्या. "पीएचडी झालाय, सेट झालाय."

"कायम आहे?"

"नाही हो. तासिका तत्त्वावर."

मग काय बोलणार? बहुतेक योजनांना कायम नोकरी लागते. जागा वर्षानुवर्षं भरल्या नाहीत, तासांवर माणसं नेमली, आणि आता त्याच कॉलेजांना विचारतात, तुमच्याकडे प्रकल्प का येत नाहीत? ज्या पोरांकडे ताकद आहे त्यांना अर्ज करता येत नाही. ज्यांना करता येतो त्यांच्याकडे आठवड्याचे तास, परीक्षेची कामं, प्रवेश समिती, नॅकच्या फायली आणि निवडणूक आली की ती ड्यूटी.

"त्यापेक्षा त्या मायक्रोसॉफ्टवाल्यांकडं मागा की!" अण्णा अजून गेले नव्हते. "त्यांच्या नडेलानं आपल्या उसाचं नाव घेतलंय."

घेतलं खरं, जानेवारी 2025 मध्ये, बेंगळुरूच्या कार्यक्रमात. शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, त्याबद्दल. पण अण्णा, तो ट्रस्ट 1971 पासूनचा. त्यांच्याकडे शेत आहे, प्रयोगशाळा आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, शेतकरी आहेत, आणि पाहुण्यांना पत्रं लिहिणारी, करार वाचणारी, हिशेब देणारी माणसं आहेत. पैसा तिथे जातो ते यामुळे. एका कॉलेजातली एक बाई, एक मायक्रोस्कोप आणि ऑफिसातला अर्धा क्लार्क, हे बघून कोणती कंपनी येईल?

सीएसआरचंही, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचंही, तेच. इथल्या एमआयडीसीत पियाजिओ आहे, फेरेरो आहे, म्हणून लोकांना वाटतं की नफ्यातले 2 टक्के कुणालाही देता येतात. 2019 मध्ये कायद्याच्या यादीत संशोधन आलं, पण नावं घातली ती सरकारी निधीवरच्या विद्यापीठांची, आयआयटींची, राष्ट्रीय प्रयोगशाळांची. ट्रस्टच्या कॉलेजने मागायला गेलं की गाडी बाकं, संगणक आणि पाण्याच्या टाकीवर येऊन थांबते. टाकीला फित कापता येते. जिवाणूंना कुठे कापणार?

"मग सूनबाई त्या कार्यशाळेला गेली होती ती कशाची?" वहिनींना आठवलं. "शाल-श्रीफळ होतं, फोटो पाठवला होता."

प्रस्ताव कसा लिहावा, याची. वर्षातून एक होतेच. नॅकच्या तिसऱ्या निकषात संशोधनाच्या अनुदानाला गुण असतात, म्हणून प्राचार्यांना आकडा हवा असतो, म्हणून कार्यशाळा. पुण्याहून वक्ते येतात आणि हमखास होमी भाभांची गोष्ट सांगतात. भाभांनी 12 मार्च 1944 ला दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं आणि 1945 मध्ये टीआयएफआर ही संशोधन संस्था उभी राहिली. बघा, एका पत्राची ताकद! सभागृहात टाळ्या. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या, हे कुणी सांगत नाही. भाभा थोरच, त्यात वाद नाही. पण आमच्या सूनबाईंची आत्या निमगाव केतकीला असते आणि तिला डाळिंबाच्या तेल्या रोगातून वर काढायला कुणी नाही.

"म्हणजे ओळख लागतेच," वहिनी म्हणाल्या.

लागत नाही, आणि हे मी हिशेबाच्या खुर्चीतून सांगते. माझ्यासमोर ज्यांचे प्रकल्प मंजूर झाले ते बहुतेक विनाओळखीचे, साध्या घरांतले मास्तर होते. विषय आपल्या गावचा, मांडणी स्वच्छ, मागणी नेमकी. अडचण मंजुरीनंतर सुरू व्हायची. खरेदीची फाईल कुणी हलवायची, हे ठरलेलं नसायचं. मास्तर स्वतः कोटेशनं गोळा करायचे, स्वतः कुरियर करायचे, सीएच्या दारात उभे राहायचे. एका गृहस्थांनी मुदत संपल्यावर उरलेले पैसे सगळेच्या सगळे परत पाठवले आणि मला म्हणाले, "बाई, पुन्हा अर्ज करणार नाही." माणूस हुशार होता. त्याने खरंच परत कधी अर्ज केला नाही, आणि त्याचं बघून विभागातल्या दुसऱ्या कुणीही केला नाही.

वहिनी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही या ना संध्याकाळी. तिचं ते यूसी बघा जरा."

जाणार आहे. चष्मा आणि कॅल्क्युलेटर घेऊन जाणार आहे. पण इंदापूर-बारामतीच्याच नाही, सगळ्याच संस्थाचालकांना माझं एक सांगणं आहे. प्राध्यापकांना प्रस्ताव लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळा भरपूर झाल्या. पुढची कार्यशाळा हिशेबाच्या क्लार्कसाठी घ्या, त्याला जेम, भारतकोश आणि बारा-अ नीट शिकवा, आणि कॉलेजात एक माणूस फक्त प्रकल्पांच्या फायलींसाठी ठेवा. शाल-श्रीफळ नाही दिलं तरी चालेल, त्याचा पगार मात्र वेळेवर करा.